निंबाखालची उपडी घागर

तुमच्या घरात दुसऱ्या कुणाचं एखादं पुस्तक पडून आहे का? खरं सांगा. 'वाचून देतो' म्हणून आणलेलं, मग वाचायचं राहिलेलं, मग द्यायचं राहिलेलं, आणि आता देताना लाज वाटेल म्हणून कपाटात मागच्या रांगेत सरकवलेलं? असेल, तर हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे. नसेल तरी वाचा. विमलबाई तुम्हाला माहीत असायला हव्यात.

मी पत्रकांवर वाढले. वडील शेतमजुरांच्या संघटनेत, त्यामुळे आमच्या घरात कणगीपेक्षा कागदांचे गठ्ठे उंच. इतर पोरांना अ अननसाचा शिकवतात, मी अ अन्यायाचा शिकले. वाचणं म्हणजे चौकात उभं राहून मोठ्यानं वाचणं आणि लिहिणं म्हणजे कुणाला तरी जाब विचारणं, असं मला पक्कं वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं. पण बाईंनी त्यात एक खुर्ची टाकून ठेवली.

लोणखेड्याला आमची गल्ली संपते आणि केळीचे मळे सुरू होतात, तिथे त्यांचं पत्र्याचं घर. घर लहान, अंगण मोठं, अंगणात निंब. निंबाच्या आडव्या फांदीला वर्षभर झोका टांगलेला. गल्लीत बाकी सगळे झोके आखाजीच्या सणाला चढत आणि आखाजी झाली की उतरत, बाईंचा मात्र कायम असे. त्या झोक्यावर बसून वाचत. पायानं जमिनीला हलकेच रेटा द्यायचा आणि पान उलटायचं. एखादं वाक्य आवडलं की झोका थांबे आणि समोरून जो जाईल त्याला ते ऐकावं लागे.

"भाऊ, थांब जरा. हाई ऐक."

"बाई, आधी मेथी घ्या ना. सुकी ऱ्हायनी," भाजीवाला म्हणे.

"मेथी उद्या बी येई. हाई वाक्य उद्या असं लागनार नही."

आणि तो ऐके. हातगाडीला टेकून, मान हलवत. मग मेथीची जुडी जास्तीची टाकून जाई.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे दोरा. तो दोरा कानामागून वेणीत गुंफलेला, त्यामुळे चष्मा काढायचा म्हणजे वेणी सोडायची. म्हणून त्या चष्मा काढतच नसत, झोपतानासुद्धा नसाव्यात. बोलण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. माया आली की अहिराणी, राग आला की शुद्ध मराठी. "ये वं, बठ" म्हणाल्या तर चहा मिळणार. "आपण बसून घ्यावे" म्हणाल्या तर पळायचं.

मला त्या पहिल्यांदा "आपण बसून घ्यावे" म्हणाल्या. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक त्यांना द्यायला गेले होते. त्यांनी ते झोक्यावर बसून अगदी सावकाश, ओठ हलवत वाचलं. पत्रक इतकं हळू वाचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"उठा, जागे व्हा, पेटून उठा, उभे राहा," बाई म्हणाल्या. "तुझ्या पत्रकात सगळेच उभे आहेत. दमतील की गं. कुणी बसत नाही का?"

मी म्हणाले, ही बसायची वेळ नाही.

"आणि 'शेतमजूर बंधूंनो'. बंधूंना डबा कुणी बांधून दिला? शेतावर झाड होतं की नाही? जेवायला कुठे बसले ते?" मग त्यांनी पत्रक घडी घालून माझ्या हातात दिलं आणि आवाज एकदम बदलला. "चांगलं शे. आग शे तुन्हामा. पन आगवर भाकर बी टाकनी पडस, नुसता हात शेकीसन काय व्हस?"

मी रागानं घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यानंतर जातच राहिले.

आता आखाजीचं सांगते, कारण बाई म्हणजे आखाजी. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी, अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस-पुरणपोळी खातात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात पाणी, वर खरबूज, आंबा, सांजोरी. म्हणजे जिवंत लेकी आणि मेलेली माणसं एकाच दिवशी घरी येतात. मी याला पूर्वी अंधश्रद्धा म्हणत असे. आता शब्द जरा जपून वापरते.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी बाईंच्या अंगणात जमत. सासरी परतताना लेकीच्या पिशवीत पापड, कुरडया, सांडगे घालायची पद्धत आहेच. बाई त्यात एक पुस्तक घालत. मुदत एक वर्ष, पुढच्या आखाजीपर्यंत. प्रत्येक पुस्तकाला जुन्या लुगड्याचं कापड शिवलेलं असे, कारण बाईंच्या मते, "सासरना घरमा कागदले कोनी विचारत नही, कपडाले विचारतस." परत आणताना अट एकच. जिथे पुस्तक वाचलं, तिथल्या झाडाचं एक पान आत ठेवून आणायचं.

"बाई, माले बारीक द्या," सुनंदाताई म्हणायची. तिचं सासर तळोद्याकडे. "जाड पुस्तक दखीसन मन्हा नवरा म्हनस, शिकीसन पयी जाशी."

बाईंनी तिला सगळ्यात जाड पुस्तक दिलं. "त्याले सांग, पयनी तर हाई वझं लिसन कितलंक लांब जाई?"

पळून जायचं ते एवढं ओझं घेऊन? अंगण हसलं. सुनंदाताई पुढच्या वर्षी ते पुस्तक घेऊन आली, आत सागाचं एवढं मोठं पान घडी घालून. "मी अर्धं वाचं," ती म्हणाली. "बाकीनं त्यानी वाचं. माले पुढलं सांगत बी नव्हता."

कोणतं पुस्तक कुणाकडे आहे याची नोंद बाई ठेवत नसत. मी म्हटलं, वही करू, नावं लिहू, शिस्त हवी. "वहीत लिहिलं की लक्षात ठेवायचं काम वहीचं होतं," त्या म्हणाल्या. "मला माझं काम कुणाला द्यायचं नाही."

पानाची अट कुठून आली, हेही त्यांनीच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्या वर सातपुड्यात शिकवायला होत्या. पुढे धरणाचं पाणी चढलं. खूप वर्षांनी त्या मणिबेलीच्या बाजूला नावेतून गेल्या, तेव्हा सोबत त्या भागातली एक म्हातारी होती. जिकडे तिकडे नुसतं पाणी. पण म्हातारी बोट दाखवत सांगत राहिली. इथे आमचं घर, इथे मोठ्या दिराचं, इथे तो मोह, ज्याची फुलं आधी गळायची, इथे आमच्या गेलेल्या माणसांचे दगड. बाईंना काही दिसत नव्हतं. "ती पाणी वाचत होती," बाई म्हणायच्या. "मी बीए झालेली, मला एक ओळ लागेना." उतरताना म्हातारीनं काठावरच्या मोहाचं एक पान त्यांच्या पिशवीत टाकलं. ते पान बाईंनी पुस्तकात ठेवलं आणि पुढे ते पुस्तक उघडलं की त्यांना ती माणसं आठवत. पुस्तक नुसतं जाऊन येऊ नये, त्यानं जिथे गेलं तिथलं काहीतरी घेऊन यावं, असं तेव्हापासून.

या धरणाबद्दल मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या म्हातारीच्या बोटाइतकं नेमकं मला एकदाही लिहिता आलेलं नाही.

बाईंचं एक पुस्तक परत आलं नव्हतं. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे.

मंगला ही बाईंची एकुलती एक आंडेर, म्हणजे लेक. नवापूरकडे दिली होती. एका आखाजीला ती माहेरी आली आणि जाताना पक्ष्यांचं पुस्तक घेऊन गेली. आपल्याकडच्या पक्ष्यांचं, रंगीत चित्रांचं. बाईंनी त्याला स्वतःच्या लग्नातल्या लाल शालूचं कापड शिवलं होतं. त्याच पावसाळ्यात मंगलाला कावीळ झाली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खूप केलं, पण दुखणं फार पुढे गेलेलं होतं. मागे लहान मुलगी राहिली, तेजू. वर्षा-दीड वर्षानं जावयानं दुसरं लग्न केलं.

बाई सुरुवातीला नातीला भेटायला जात. मग जाणं कमी केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती नवी पोर बी कोनी तरी आंडेर शे. मी गऊ का तेजू माले बिलगस. मंग ती नवी पोर घरमा परकी व्हई जास. तेजूले माय पाहिजे, आजी नंतर बी भेटी."

पण आखाजीचं काय? आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीची घागर सासरचे भरतात. माहेरानं भरायची नाही. बाई दर आखाजीला कुंभाराकडून एक नवी घागर आणत, धूत आणि निंबाच्या बुंध्याशी उपडी ठेवून देत. भरत नसत. सण झाला की घागरीला बाजूनं भोक पाडून ती निंबावर टांगत. हळूहळू त्या झाडावर घागरींची रांग झाली होती आणि सगळ्यांत चिमण्या नांदत होत्या.

मला हे सहन होत नसे. एका आखाजीला मी सरळ गेले आणि उपडी घागर उचलून सुलटी ठेवली.

"भरा," मी म्हणाले. "बघू कोण अडवतं. नऊ महिने पोटात तुम्ही वाढवली, आणि पाण्याचा हक्क त्यांचा? हा कुठला न्याय?"

बाई झोक्यावरून उठल्या. "आपण ती घागर खाली ठेवावी," त्या म्हणाल्या.

मी ठेवली. त्या बुंध्याशी बसल्या, घागर पुन्हा उपडी केली आणि तिच्यावर हात ठेवला. निंबावर तांबट पक्षी ओरडत होता, टुक, टुक, टुक, कुणीतरी लांबवर तांब्याचं भांडं ठोकत असावं तसा.

"तुले काय वाटस, मी लोकेसले घाबरस?" त्या म्हणाल्या. "मन्ही आंडेर पुस्तक लयी गयी. परत देवाले येसू म्हने. पुस्तक उनं नही तवलगून ती वाटवर शे. घागर भरी दिधी म्हंजे वाट संपनी."

"पुस्तक परत द्यायला ती येणार, तोवर वाटेवर, असंच ना? मग मागून घ्या ना पुस्तक. मी जाते नवापूरला, आत्ता जाते."

"मागेल पुस्तक म्हंजे परत येल पुस्तक नही, बाय."

मागून घेतलेलं पुस्तक म्हणजे परत आलेलं पुस्तक नव्हे, यावर कोणतंही पत्रक निघू शकत नव्हतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा बाईंच्या शेजारी बुंध्याशी खाली बसले.

गेल्या वर्षीची आखाजी. आम्ही अंगणात कैऱ्या चिरत होतो. फाटकाशी एक मुलगी उभी राहिली. कॉलेजच्या वयाची, पाठीला सॅक, हातात पिवळ्या रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी. पायांत चप्पल नव्हती. चप्पल तिनं फाटकाबाहेर काढली होती, देवळाबाहेर काढतात तशी.

"विमल आजी?" ती म्हणाली. "मी तेजू. मी आता लोणखेड्याला शिकणार आहे. मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईनं, आईची पोथी दिलीय तुमच्याकडे न्यायला."

"कसानी पोथी?" बाई म्हणाल्या.

मुलीनं बोटानं दाखवलं की आधी हात धुवा. बाईंनी निमूट धुतले. पिवळं कापड सुटलं. आत लाल शालूचं कापड, हळदीकुंकवानं जागोजाग माखलेलं, काठाशी काळपट झालेलं, आणि त्यावर वाळलेली तुळशीची आणि बेलाची पानं.

मग तेजूनं सांगितलं ते असं. मंगला आजारी असताना हे पुस्तक तिच्या उशाशी असे. दवाखान्यात जाताना ती सासूला म्हणाली, "आईचं आहे, जपा." सासूला वाचता येत नव्हतं. शालूत बांधलेलं, सुनेनं शेवटपर्यंत उशाशी ठेवलेलं, जपायला सांगितलेलं पुस्तक पोथीशिवाय दुसरं काय असणार? तिनं ते देवघरात ठेवलं. रोज आंघोळ करून त्याला हळदकुंकू वाहिलं. श्रावणात कानबाईच्या सणाला ते कानबाई देवीसमोर मांडलं. घरात त्याला 'मंगलाची पोथी' म्हणत आणि पारोशानं कुणी हात लावत नसे. नवी सूनसुद्धा त्याला नमस्कार करून कामाला लागे. देवघरातली पोथी कुणी घराबाहेर देतं का? म्हणून ते परत आलं नव्हतं.

"मी दहावी झाल्यावर एकदा उघडलं," तेजू म्हणाली. "आत सुतार पक्षी."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मंग? आजीले सांगं?"

"सांगितलं. मोठी आई म्हणाली, पक्षी तर पक्षी. गरुड देवाचा, मोर देवाचा, बाकीचे काय आपले आहेत? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू वाहिलं. पण मी इकडे निघाले तेव्हा स्वतःच उचलून दिलं. म्हणाली, जिथून आली तिथे एकदा माहेरी जाऊन येऊ दे पोथीला. आखाजी आहे."

बाईंना हसू फुटलं. आधी बारीक, मग सगळं अंग हलेपर्यंत. "सुतार पक्षीले कुंकू," त्या म्हणत होत्या. "मन्ही इहीननी सुतार पक्षीले हळदकुंकू लावं." हसता हसता चष्मा वाहू लागला. तो पुसायला काढता येईना, म्हणून तेजूनं त्यांची वेणी सोडली.

मी त्या घराला इतकी वर्षं मनात शिव्या घातल्या होत्या. तिथे रोज सकाळी मंगलाच्या पुस्तकापुढे दिवा लागत होता.

पुस्तकाच्या साधारण मध्यावर एक पान निघालं. तुळशीचं नव्हे, बेलाचं नव्हे. मोहाचं, वाळून पारदर्शक झालेलं, नुसत्या शिरा उरलेल्या. सासरच्या अंगणात मोह आहे, तेजू म्हणाली. मंगला वाचता वाचता तिथवर आली होती. बाईंनी त्या पानावर बोट ठेवलं. चित्र तांबटाचं होतं.

"आठेलगून वाचं तिनी," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांनी लेक कुठे थांबली ते त्यांना कळलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी पुस्तक तेजूच्या मांडीवर ठेवलं. "आते आठेथून तू वाच. मोठ्यानं वाच. सावकाश."

तेजू वाचू लागली. तांबट, मग त्याच्या पुढचा पक्षी, मग त्याच्या पुढचा. बाई उठल्या. बुंध्याशी उपडी ठेवलेली घागर त्यांनी सुलटी केली आणि नळाखाली धरली. गल्लीतल्या दोघी-तिघी कामं टाकून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. माहेरानं भरायची नसते, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी सुनंदाताई आपल्या माहेरच्या घरातून खरबूज घेऊन आली आणि घागरीवर ठेवलं. आंबा आमच्या कैऱ्यांच्या टोपलीतला, एकच पिकलेला निघाला तो. बाईंनी कुंकू लावलं, आधी घागरीला, मग पुस्तकाला. "तठे लायतस तर आठे बी," त्या म्हणाल्या.

तेजू शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिली. ती थांबेपर्यंत आमच्यातलं कुणीही उठून गेलं नाही.

मला दुसऱ्या दिवशी नंदुरबारला मोर्चाच्या तयारीला जायचं होतं. निघताना बाईंनी माझ्या पिशवीत पुस्तक घातलं. मी म्हटलं, मी कुठे सासरी चाललेय? "जाई तर ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "पान लयजो. मोर्चाना रस्तावर बी झाड ऱ्हास."

गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं. झोक्यावर आजी आणि नात. नातीच्या मांडीवर लाल कापडाचं पुस्तक, आजीची वेणी अजून सुटलेलीच. मी हात हलवला. बाईंनी हात वर केला, पण तो मला नव्हता. वर निंबात तांबट ओरडत होता आणि त्या तेजूला बोटानं तो दाखवत होत्या.

थंडीत बाई गेल्या. मला उशिरा कळलं. त्यांनी दिलेलं पुस्तक माझ्याकडे होतं, वाचून झालेलं, आत नंदुरबारच्या रस्त्यावरच्या करंजाचं पान. या आखाजीला मी ते परत नेणार आहे. झोका आता तेजू सांभाळते. मंगलाची पोथी तिनं सुट्टीत नवापूरला मोठ्या आईकडे नेली होती आणि परत आणली. आता ती दोन्ही घरची आहे. बाईंची घागर कोण भरणार यावर गल्लीत चर्चा सुरू झाली, तेव्हा तेजू म्हणाली, मी. चर्चा तिथेच संपली.

म्हणून आता उठा. हो, शेवटी मी पत्रकवालीच, उठायलाच सांगणार. उठा आणि कपाटाच्या मागच्या रांगेतलं ते पुस्तक बाहेर काढा. ज्याचं असेल त्याला नेऊन द्या. तो माणूस उरला नसेल तर त्याच्या घरच्यांना द्या. किती उशीर झाला याचं कारण सांगत बसू नका. फक्त जाण्याआधी दारात या, तुमच्या अंगणातल्या नाहीतर रस्त्यावरच्या झाडाचं एक पान तोडा, आणि वाचत वाचत तुम्ही जिथवर पोचला होता तिथे ते ठेवा. तिकडे कुणीतरी घागर उपडी ठेवून वाट बघत असेल.